कोणतं झाड, कोणाचं झाड

रोहिणी निघाल्या की माझा फोन वाजायला लागतो. कुणाला शाळेच्या कुंपणालगत झाडं लावायची असतात, कुणा तरुण मंडळाला उजाड टेकडी हिरवी करायची असते, कुणी निवृत्त साहेब वरोऱ्याजवळ घेतलेल्या तुकड्यावर 'छोटंसं जंगल' करायचं म्हणतात. प्रश्न एकच. बाई, कोणती झाडं लावू? उभं आयुष्य रोपवाटिकांमध्ये गेलं, त्यामुळे लोकांना वाटतं की औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली काढून द्यावी तसं माझ्याकडे उत्तर तयार असेल. मी उलट विचारत सुटते. मुरूम किती खोल आहे? पाणी कुठे साचतं? गुरं कुणाची येतात? उन्हाळ्यात आग कोण लावतं? हे सगळं झालं की शेवटी विचारते, झाड मोठं झाल्यावर ते कोणाचं?

 मग कुणीतरी उत्साहाने म्हणतं, "सगळ्यांचंच की!"

मी म्हणते, मग अवघड आहे.

हा प्रश्न मी एका ज्येष्ठात उचलला. गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. धानोऱ्याच्या पुढे पक्की सडक संपून मुरमाची सुरू व्हायची, तिथून आत थोड्या घरांचा एक टोला होता. नाव लिहीत नाही. त्या घरांतली माणसं अजून तिथेच राहतात आणि मला तिथे पुन्हा जायचं असतं. टोल्याच्या मागे टेकडी. तिच्यावर कधीकाळी दाट रान होतं म्हणत. मी पाहिली तेव्हा पळसाची खुरटी झुडपं, तरोटा आणि दगड एवढंच उरलं होतं. दुपारी तिच्याकडे पाहिलं की डोळे आपोआप बारीक व्हायचे. त्या टेकडीवर पुन्हा रान उभं करायचं होतं आणि त्यासाठी खाली नाल्याकाठी रोपवाटिका काढली होती. मी तिची सुपरवायझर. तिशीला टेकलेली, बिनलग्नाची, वरोऱ्याच्या मास्तरांची मुलगी. आईने ट्रंकेत दोन चादरी, बुद्धाची छोटी तसबीर आणि लोणच्याची बरणी घालून दिली होती आणि वर बजावलं होतं, "लोकांच्या गावात चालली, तोंड आवरून राह्यजो." चादरी, तसबीर आणि बरणी मी नीट सांभाळल्या.

त्या उन्हाळ्याचा पहिला वास आठवतो तो प्लास्टिकचा. माती, नाल्याची रेती आणि शेणखत चाळून काळ्या पिशव्या भरायच्या. दुपारी त्या तापून इतक्या मऊ व्हायच्या की उचलताना बोटांचे ठसे उमटायचे. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच संपला होता. कामाला येणाऱ्या बायकांच्या बोटांवर पानांच्या चिकाचे काळे डाग तसेच होते. येताना त्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबील भरून आणायच्या आणि तुंबा नाल्याच्या ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरून ठेवायच्या. दुपारी त्या थंड, आंबट आंबिलीचा घोट घशाखाली गेला की ऊन निम्म्यावर आल्यासारखं वाटायचं. आता रोपवाटिकांना हिरव्या जाळ्या असतात, फवारे असतात, कळ दाबली की पाणी. आमची सावली म्हणजे बांबूच्या तट्ट्यांवर टाकलेला पळसाचा पाला. तो वाळला की दिवसभर चुरचुरत राहायचा. आता कळ दाबताना तो आवाज नसल्याचं मला अजून जाणवतं. चांगल्या जाळीला मी नावं ठेवणार नाही, पण जाणवतं.

कोणती झाडं, हे वरून ठरून यायचं. साग, निलगिरी, सुबाभूळ. त्या वर्षी मात्र एक नवीन ओळ आली होती: गावाला विचारून झाडं निवडावीत. आमचे वनपाल सहारेबाबू हे वाचून खिन्न झाले. ब्रह्मपुरीकडचे, निवृत्तीला आलेले, मनाने चांगले गृहस्थ. "मॅडम," ते म्हणाले, "गावाले इचारलं तं गाव शंभर सांगन. साग लावा आन् मोकळे व्हा."

सागाला नावं ठेवायची पुढे एक टूम निघाली, मी तिच्यात नव्हते. साग योग्य जागी उत्तम झाड आहे. पण त्या टेकडीला वरचा थर उरलाच नव्हता. तिथे आधी पाला पाडणारी झाडं हवी होती, मग पाखरांना बोलावणारी, कारण एक पाखरू आमच्या चार बायकांपेक्षा जास्त बी वाहून आणतं. मुरमात पाय रोवणारा धावडा हवा, मोई हवी. ओलीच्या जागी जांभूळ, कहू. आणि या सगळ्यांच्या आडोशाने सावकाश वर येणारी, शंभर वर्षं टिकणारी काही. एवढं मला शिक्षणाने दिलं होतं. कोणती 'काही', ते गावाने सांगायचं होतं.

पुरुषांना पाटलाच्या अंगणात विचारलं. त्यांना तिवस हवा होता नांगरासाठी, धावडा कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी, शिवण ढोलासाठी. सहारेबाबूंनी विचारलं, "ढोल बनवाले सरकारनं झाड लावाचं का?" एकजण म्हणाला, "तं का सरकार मेल्यावर वाजवाचा?" बायकांना रोपवाटिकेत काम करता करता विचारलं. त्यांना चारोळीचा चार, आवळा, टेंभरं, पत्रावळीला पळस. आणि एक झाड दोन्हीकडे पहिल्या झटक्यात निघालं होतं. मोह.

मैनाबाईनेही मोहच सांगितला, पण तिने सांगितल्यावर बाकीच्या हसल्या. ती चाळिशीची असेल. उंच, काटक, पाणी घालण्याचं काम तिच्याकडे. दोन्ही हातांत दोन भरलेल्या झाऱ्या घेऊन ती अशी चालायची की थेंब सांडायचा नाही. तिच्या नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती एक पितळी गुंड, पाण्याचं भांडं, डोक्यावर घेऊन माहेरी परत आली होती आणि भावाच्या घरामागे पडवी काढून राहत होती. मूलबाळ नव्हतं. "तुले कायले मोह?" कुणीतरी म्हणालं. "भावाचे हायेत ना!" आणि परत हशा. मैनाबाईने झारी वाकवली आणि वाफ्यावर पाणी धरलं.

तो हशा मला कळला नाही, म्हणून मी विचारून घेतलं. मोहाचं झाड तिकडे रानात असलं तरी बेवारस नसतं. जमीन सरकारची, झाड घराण्याचं. नाल्यावरचे अमक्याचे, बांधाशेजारचे तमक्याचे, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. सातबारावर त्याचं नाव नाही आणि त्यावरून तंटाही नाही. फाल्गुनात ज्याचं झाड तो त्याच्याखालचा पाला पेटवून देतो आणि जमीन साफ करतो. फुलं पडायला लागली की पहाटेपासून घरचं कुणी ना कुणी टोपली घेऊन तिथे. फुलं वाळवून वर्षभर पुरवायची, पुढे फळं आली की बियांचं तेल काढायचं. मुलगी सासरी गेली की तिच्या वाट्याला नवऱ्याकडचे मोह. आणि परत आली तर? परत आलेल्या बाईसाठी काही ठरलेलंच नव्हतं. मैनाबाई भावाच्या मोहाखाली वेचायची, निम्मी फुलं भावजयीला द्यायची आणि उरलेल्या निम्म्यांसाठी वर्षभर ऐकून घ्यायची. भावजय म्हणजे सगुणा. टोल्यातली सगळ्यात धारदार जीभ. ती बोलायला लागली की कोंबड्यासुद्धा अंगण सोडायच्या.

दुसरी गोष्ट मी स्वतःच पाहिली होती. त्या रानात म्हातारे मोह पुष्कळ होते, मधल्या वयाचे थोडे, आणि हातभर उंचीचं रोप मला शोधून सापडलं नाही. कारण उघड होतं. खाली पडलेली प्रत्येक बी तेलाला जात होती, आणि एखादी निसटून रुजलीच तर फाल्गुनातल्या आगीत जळत होती. म्हातारी झाडं मेल्यावर पुढे काय, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण कुणाच्या आठवणीत मोह कधी संपलाच नव्हता. म्हणून मला त्या टेकडीवर मोह हवा होता. सहारेबाबू म्हणाले, "लय हळू वाढते मॅडम. साहेब फिरतीवर येतीन तं दाखवाचं काय?"

तरी त्यांनी बी गोळा करायची दवंडी दिली. चारोळीचं बी आधीच आलं होतं आणि ते कसं आलं हे सांगितलंच पाहिजे. चाराची फळं अस्वलाला फार आवडतात. अस्वलाच्या पोटातून निघालेलं बी जास्त चांगलं रुजतं, म्हणून बायका पहाटे रानात जाऊन अस्वलाची वाळलेली विष्ठा टोपल्यांनी घेऊन आल्या. सहारेबाबू नाकाला रुमाल लावून दूर उभे. "बाबू, जवळ या ना," एकीने हाक मारली. "त्या बिचाऱ्यानं ना पगार मागतला ना भत्ता. तुमच्यापरीस बरा नोकर हाय." सहारेबाबू त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. मी जेवले.

मग मला बैठकीसाठी गडचिरोलीला जावं लागलं. परत आले तर माझ्या झोपडीच्या ओसरीवर टोपल्याच टोपल्या मांडलेल्या. मोहाच्या बियांना तिकडे टोळी म्हणतात. बियांचा नुसता ढीग होता. सहारेबाबूंची छाती फुगलेली. मी वाकून मूठभर उचलल्या. टरफल काढलेल्या, मधोमध दोन फाका केलेल्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या. तांबूस, तुळतुळीत, एकसारख्या. इतकं सुंदर मेलेलं बियाणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"टोळी," सगुणा पुढे येऊन म्हणाली. "एक किडकी काढून दाखवा बाई, नाक कापून देईन."

"सगुणा, ह्या पेरल्या तर उगवणार नाहीत गं."

"पेरल्या तं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "टोळी पेरते कोन?"

"मी पेरणार होते."

"मंग बाई, साखरबी पेरा. ऊस उगवन."

सगळ्या बायका हसायला लागल्या, मग मीही. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. टोळी आण म्हटलं की सोलून, फोडून, वाळवून आणायची, कारण टोळी म्हणजे तेल. मोह कुणी लावतं, ही कल्पनाच तिथे नव्हती. मोह असतो. डोंगर लावत नाहीत तसा मोह लावत नाहीत. सरकारने मागितल्या म्हणून त्यांनी आपल्या घरासाठी निवडाव्यात त्याहून जास्त निगुतीने निवडल्या होत्या, आणि त्या निगुतीतच बी मेलं होतं. सहारेबाबू टोपल्यांकडे पाहत म्हणाले, "आता तेल काढू मॅडम. साहेब आले का भजे तळू सरकारी."

हसून झाल्यावर मात्र मी दिवस मोजले. मोहाचं ताजं बी थोडेच दिवस जिवंत राहतं, साठवता येत नाही. रानातली फळं संपत आली होती. पोपटांनी आणि वटवाघळांनी खाल्ली ती खाल्ली, उरलेली घराघरांत फुटून वाळत होती. वर्ष गेल्यात जमा होतं.

एका सकाळी मैनाबाई नाल्याच्या घळीकडून येताना दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीवर पदर, आणि पदरावर माशा. मला पाहून तिने वाट बदलली. मी काही सोडणाऱ्यातली नव्हते.

"काय आहे गं?"

"काई नाई बाई."

"काही नाहीवर एवढ्या माशा?"

घळीत एक मोह होता. तिथे अस्वलाचा वावर, म्हणून त्या झाडावर कुणाचा हक्क नव्हता, किंवा खरं सांगायचं तर अस्वलाचा होता. दिवसभर सावलीत असल्यामुळे त्याला फळं उशिरा यायची. या वर्षी आपल्या चुलीपुरतं तेल आपलं काढायचं, सगुणाकडे मागायचं नाही, म्हणून मैनाबाई एकटी जाऊन वेचून आली होती. टोपलीत पिकून फुटलेली फळं होती, चिकट, आंबूस गोड वासाची, आणि त्यांत टपोरं, ओलं, जिवंत बी.

मी सरळ देवाणघेवाण मांडली. तुझी ही टोपली मला दे, ओसरीवरची एक वाळलेली टोपली तू घे. तेल तुला मिळेल, बी मला. ती ओसरीवर आली, एक फाक दाताखाली घेऊन पाहिली.

"कोनं निवडल्या?"

"ही टोपली सगुणाची आहे."

"मंग चांगल्या असतीन," ती म्हणाली. "हात साफ हाय तिचा."

टोपली उचलून ती निघाली, चार पावलं गेली आणि थांबली. "बाई, पेरल्यावर उगवते म्हनता. मंग उगवलं तं कोनाचं?"

मी बी धुवायला घेतलं. 

मोहाच्या रोपाचं मूळ सरळ खाली धावतं आणि पिशवीत वेटोळं होऊन बसतं, म्हणून मी बी थेट टेकडीवर टोकायचं ठरवलं होतं. धुऊन ओल्या पोत्यात ठेवलं, आणि ही बातमी पाटलाकडे पोचली. ते स्वतः रोपवाटिकेत आले. खाटेवर बसले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "बाई, टेकडीवर मोह नाई लावाचा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात गाव बसलं. तोवर पोत्यातल्या बियांना पांढरे कोंब दिसायला लागले होते. मी एक मूठ ओल्या फडक्यात बांधून सोबत नेली.

"साग लावा, तो सरकारचा," पाटील म्हणाले. "आवळा लावा, तो पाखरायचा. मोह लावला का त्याच्याखाली मालक उगवते बाई. आन् एक नाई, धा उगवतीन. आज हे सारे हसून राह्यले. फुलं पडाले लागली का कुऱ्हाडी काढतीन."

"मीबी तेच म्हनतो पाटील, मोह नको," सहारेबाबूंनी री ओढली.

"तुमी काऊन म्हनता?" पाटलांनी विचारलं.

"हळू वाढते."

"तुमचं पोरगंबी हळूच वाढलं ना बाबू? उपटून फेकलं का?"

पाटलाचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, मग सगळे मोह सगळ्या गावाचे करा. एकत्र वेचा, वाटून घ्या. माझ्या मते हे फार शहाणपणाचं बोलणं होतं. एक म्हातारा चिलीम बाजूला करून म्हणाला, "सगळ्यायचा मोह म्हनजे अस्वलाचा मोह." कुणीच हसलं नाही, कारण ते खरं होतं. सगळ्यांच्या झाडाभोवती आग विझवायला कोण धावतं?

मग मागून बायकांतून आवाज आला. "एक माझा."

मैनाबाई उभी राहिली होती. उंच असल्यामुळे ती उभी राहिली की लपायची सोय नव्हती.

"कायनं तुझा?" पाटलांनी विचारलं.

"बी मी आनलं."

"बदल्यात टोळी घेतली ना तू?" पुढून एकजण म्हणाला. "बी तं देऊन टाकलं तूनं. देलं ते गेलं."

तिचा भाऊ खाली पाहून काडीने जमिनीवर रेघा ओढत होता.  मैनाबाईजवळ दुसरा मुद्दाच नव्हता. मला वाटलं, संपलं.

"देऊन टाकलं म्हनून काय झालं?" सगुणा बसल्या जागेवरून म्हणाली. "हिलेबी तं देऊन टाकलं होतं. माझ्या सासऱ्यानं लग्नात दोन गाई घेतल्या होत्या हिच्यापायी. त्यायचे वासरं अजून आमच्या गोठ्यात हायेत. तरी परत आली तं आपली म्हनून ठेवली ना? का तिले म्हनलं, देलं ते गेलं?"

 मैनाबाईने भावजयीकडे पाहिलंच नाही, समोरच्या कुडाकडे पाहत राहिली.  सगुणाने हात झटकला. "देऊन टाका एक. माझ्या मोहाखालून तं निघन!"

मग जो हशा पिकला, तो थांबेपर्यंत निकाल लागलेला होता. सगुणा ते मायेने बोलली की कटकट टळावी म्हणून, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आता करत नाही. घरातल्या माणसांत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

पाटलांनी सांगितलं ते असं. एक मोह मैनाबाईचा. बाकीचे, ज्या घरांना मोह नाही किंवा पुरत नाही त्यांचे, आणि कोणता कोणाचा हे बी मातीत जायच्या आधी ठरायचं. जो आग आणि बकऱ्या राखेल त्याची फुलं; राखणार नाही त्याचा हक्क गेला. कुणीतरी विचारलं, "आन् मैनाबाईमागं कोनाचं? पोर ना बाळ."

"उगवू तं द्या आधी," पाटील म्हणाले आणि उठले.

आषाढात टेकडी ओली झाली. पाटीवर सागाच्या जड्या म्हणजे छाटलेली मुळं, आणि आवळा, शिवण, चार, बेहडा अशी रोपं वर जायची. नुसत्या दगडांतून पाऊलवाट पडली. पायाखालचा मुरूम आता आवाज करत नव्हता. ओल्या पळसाच्या पानांवर हात लागला की ती थंड आणि जाड वाटायची, म्हशीच्या कानासारखी. मोहाच्या जागा मी लांब लांब आखल्या होत्या, कारण तो पसरणारा प्राणी आहे. ज्याच्या त्याच्या घरचं माणूस येऊन आपल्या जागी बी टोकून जात होतं. मैनाबाई मात्र पूर्ण टेकडी फिरली. मी तिला वरच्या वळणावर नाल्याचा गाळ साचलेली जागा दाखवली, तिथे माती सगळ्यात चांगली होती. तिने मान हलवली आणि खाली, टोल्याकडून वाट चढते तिथे एका दगडाशेजारी उभी राहिली.

"इथं माती कमी आहे गं," मी म्हटलं.

"इथूनच सगुणाले दिसते."

मी पहार मारून पाहिली. मुरूम फुटत होता, खाली ओल होती. चालण्यासारखं होतं. तिने गुडघ्यावर बसून दोन बिया टोकल्या, वरून माती सारली आणि तळहाताने थोपटली, भाकरी थोपटतात तशी.

"फुलं यायला पंधरा-वीस पावसाळे लागतील," मी म्हटलं. खोटी आशा दाखवायची मला सवय नाही. "तोवर तू असशील?"

"मी माह्या मोहाजवळ असन," ती म्हणाली. "आता तं दुसरं काई नाई ना पाह्यजे."

तेवढ्यात सगुणा खालून वर आली. डोक्यावर बोरीच्या काट्यांचा भारा. तो तिने त्या जागेजवळ धपकन टाकला. "बकऱ्या माह्या हायेत," ती धापा टाकत म्हणाली, "तं काटेबी माह्येच लागतीन." दोघींनी मिळून कुंपण घातलं.  एक काटा मैनाबाईच्या अंगठ्यात गेला तेव्हा सगुणाने तिचा हात ओढला, दाताने काटा काढला, थुंकला आणि पुन्हा कामाला लागली.

त्या टेकडीचं पुढे काय झालं ते सांगायचं तर निलगिरी सगळ्यात आधी उंच झाली आणि फिरतीवर आलेल्या साहेबांना दाखवता आली, सहारेबाबू सुखाने निवृत्त झाले. सुबाभूळ बकऱ्यांनी खाल्ली. साग उताराच्या पायथ्याशी तगला, वर खुरटला. चाराचं झाड दोन वर्षं दिसलंच नाही, मग दगडांआडून निघालं. पाखरांनी आपल्या मनाची झाडं आणली, त्यांतली काही मी लावायचं सुचवलंही नसतं. माझी बदली झाली. आलापल्ली, मग सिरोंच्याकडे, मग चंद्रपूर. प्रत्येक ठिकाणी कुठली तरी टेकडी होती आणि वरून आलेली झाडांची नावं होती. मी ती नावं घेऊन अंगणाअंगणांत बसले आणि भांडणं होऊ दिली. भांडण आधी झालं तर झाड जगतं, एवढा अनुभव गाठीशी आहे. साहेब लोकांना तो कधी फारसा पटला नाही.

गेल्या चैत्रात कामानिमित्त धानोऱ्याला मुक्काम पडला. सकाळी लवकर निघून टोल्यावर गेले. टेकडी लांबूनच वेगळी दिसत होती. तिला आता टेकडीसारखा आकार नव्हता, रानासारखा होता. वाट चढते तिथे, दगडाशेजारी, एक मोह उभा होता. फार मोठा नाही. पानं गळलेली, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस, आणि तो वास, जो काहींना मस्त वाटतो आणि काहींना मळमळवतो. मी पहिल्या प्रकारातली. खालची जमीन जाळलेली नव्हती, झाडून काढलेली होती. खराट्याच्या रेघा दिसत होत्या आणि त्यांवर पिवळसर फुलं पडत होती, थांबून थांबून, एकेक.

एक तरुण बाई टोपली घेऊन वेचत होती. मी ओळखत नव्हते.

"कोन पाह्यजे?" तिने मान वर न करता विचारलं.

"मैनाबाई."

"ते गेली. मागच्या हिवाळ्यात." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "चार बहार वेचले तिनं. लय वेचले."

मी विचारलं, "तू सगुणाची सून का?"

"सून कायले? मी त्या टोकाच्या घरची पोरगी. सासरहून वापस आली."

"मग हे झाड?"

"परत आलेल्या पोरीचं हाय हे झाड," ती म्हणाली. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं. "मैनाबाई सांगून गेली. सगुणाबाईच्या पोरायनं कटकट केली तं सगुणाबाईच उभी राह्यली पंचायतीत. गावात जे पोरगी परत येईन, तिचं. माझ्यामागं कोनी आली तं तिचं. नाई आली तं बरंच हाय."

मला खोडाला हात लावून पाहायचा होता. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"ओ बाई," ती ओरडली, "पाय बाजूले घ्या! फुलं तुडवून राह्यल्या माझे."